डॉ. भाऊ दाजी लाड : कुष्ठरोगावर वनस्पतीतून औषध शोधणारे डॉक्टर

नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप तुम्ही पाहिला असेल. १८८२ मध्ये त्याचे उत्खनन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी त्याआधी अनेक वर्षे एका डॉक्टरांचे संशोधन-साहाय्यक होते. ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड.

गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले भाऊ १८५१ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. गरिबांवर मोफत उपचार करतानाच त्यांनी बॉम्बे असोसिएशनचे चिटणीसपद सांभाळले आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. जुन्या शिलालेखांवर त्यांनी शोधनिबंध लिहिले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी त्यांनी खटपट केली, त्याला आज त्यांचेच नाव आहे.

वनस्पतींचा अभ्यास मात्र त्यांनी रुग्णांसाठी केला. कुष्ठरुग्णांना लोक जवळही करत नव्हते, त्या काळात भाऊंनी त्यांच्यावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा उपचार करून पाहिला. १८७४ मध्ये ते वारले. पुढे सल्फोन औषधे येईपर्यंत याच कुळातील झाडांचे तेल जगभर कुष्ठरोगावर वापरले जात होते.

आज हे तेल घरी लावत बसू नका. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही? मग लाजून लपवू नका, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि ही औषधे तिथे मोफत मिळतात. उशीर झाला, तर रोग बरा होऊनही हातापायांतील विकृती मागे राहू शकते.