गोवा जिंकणारा वजीर आणि न सुटलेला प्याला
१४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेणारा बहमनी वजीर महमूद गवान मूळचा इराणच्या गिलान प्रांतातील व्यापारी. १४५३ च्या सुमारास तो बिदरला आला. बिदरलगतच्या नौबाद येथील सुरंग-बावी, म्हणजे उतारावरून पाणी वाहून नेणारे भुयार, हे त्याच देशाच्या विद्येचे देणे.

वैभवातही गवान साधेपणाने राहिला. सरदारांची मनमानीची सवय त्याने नुसत्या हुकमाने नव्हे, तर व्यवस्था बदलून मोडू पाहिली. चार प्रांतांचे आठ केले आणि प्रत्येक प्रांताधिकाऱ्याच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला.

दरबारातील मद्यपान मात्र तसेच राहिले. दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या नावे बनावट पत्र रचले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी मद्यधुंद सुलतान मुहम्मद तिसरा याने वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. सत्य कळल्यावर सुलतान पश्चात्तापाने होरपळला, तरी प्याला सुटला नाही. वर्षभरात तोही निवर्तला.

नुसत्या पश्चात्तापाने सवय सुटत नाही. त्यासाठी रोजच्या जगण्याची घडी बदलावी लागते. गवानाने ती राज्याची बदलली. सुलतानाला स्वतःची बदलता आली नाही.