जॉर्ज बूल: लॉगिन फॉर्ममागचे गणित मास्तर

शॉपिंग ॲपवर आपण फिल्टर लावतो: किंमत ५०० पेक्षा कमी ‘आणि’ रंग काळा. हे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ गणितात बसवलं जॉर्ज बूल यांनी, मोबाईल येण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन इथे झाला. वडील बूट शिवायचे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे कॉलेज झालंच नाही. सोळाव्या वर्षी ते शाळेत शिकवायला लागले, एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. पुढचं गणित पुस्तकं वाचून स्वतःच शिकले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं आणि १८४९ मध्ये, हातात पदवी नसताना, ते आयर्लंडमधल्या कॉर्क इथे प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी मेरी या, ज्यांचं नाव एव्हरेस्ट शिखराला दिलंय, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी.

१८४७ आणि १८५४ च्या पुस्तकांत बूल यांनी तर्क समीकरणांत मांडला. त्यात १ म्हणजे सगळं काही, ० म्हणजे काहीच नाही. १८६४ च्या हिवाळ्यात ते भर पावसात चालत कॉलेजला गेले, ओल्या कपड्यांतच शिकवलं आणि आजारी पडले. ८ डिसेंबरला ते वारले, तेव्हा वय होतं फक्त ४९.

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी हेच गणित विजेच्या सर्किटला लावलं. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी डेटा तक्त्यांत ठेवायची पद्धत मांडली आणि त्यातून पुढे एसक्यूएल भाषा आली. तिच्या अटी बूल यांच्याच तर्कावर चालतात.

आता समजा, मेहरूणची बोरं ऑनलाइन विकणारी एक वेबसाइट आहे. मोबाईल नंबर टाकला की तुमची ऑर्डर दिसते. स्क्रिप्ट तो नंबर सरळ क्वेरीत चिकटवते: मोबाईल = '…'. कुणीतरी नंबरऐवजी टाकलं: ' किंवा '१'='१. आता अट झाली: मोबाईल = '' किंवा '१'='१'. दुसरी बाजू कायम खरी, म्हणून पूर्ण अटही कायम खरी. बूल यांचा १, म्हणजे सगळं काही! एका ऑर्डरऐवजी सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, नंबर बाहेर. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

इथे चूक तर्काची नाही. बाहेरून आलेला मजकूर अटीचा भाग झाला, ही चूक. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीचा साचा आधी पाठवायचा, नंबरच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नंबर वेगळा द्यायचा. मग कुणी काहीही टाइप करो, डेटाबेस त्याला नुसता मजकूरच समजतो. पीएचपी शिकत असाल तर पीडीओमध्ये ही सोय तयार आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट असला तरी पहिल्याच फॉर्मपासून ती वापरा. त्या तक्त्यात खऱ्या माणसांचे नंबर असतात.