बाबूराव पेंटर: कोल्हापुरात कॅमेरा घडवणारे मेस्त्री

कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ एक मानस्तंभ आहे. त्यावर माणसाचा पुतळा नाही, सिनेमाचा कॅमेरा आहे. तो ज्यांच्या आठवणीसाठी उभारला, त्या बाबूराव पेंटर यांचं खरं आडनाव होतं मेस्त्री.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात, कारागिरांच्या घरात झाला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. मोठे चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवत. शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर म्हणजे नाटक, गाणं आणि कुस्ती यांना राजाश्रय असलेलं गाव. पडद्यांना मागणी होती. लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं.

कॅमेरा का बनवला?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला आणि दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. फाळक्यांनी कॅमेरा लंडनहून आणला होता. मेस्त्री बंधूंकडे तेवढा पैसा नव्हता, हत्यारं मात्र होती.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. फिल्म सलग फिरून चालत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर थांबली पाहिजे, मग झडप बंद असताना नेमकी एक घर पुढे सरकली पाहिजे. हे सेकंदाला अनेकदा, न चुकता व्हावं लागतं. दात्यांत जरा फरक पडला की चित्र थरथरतं.

काम अर्ध्यावर असताना 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि 1918 मध्ये कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात लागला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केलं, तेही स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत असण्याच्या काळात. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

गंमत अशी की पडदे रंगवून नाव कमावलेल्या या माणसानेच सिनेमातून रंगवलेले पडदे हटवले आणि सुतारकामाचे खरेखुरे सेट उभे केले. ‘सिंहगड’मध्ये (1923) त्यांनी रात्रीचे प्रसंग विजेच्या दिव्यांवर टिपले. ‘सावकारी पाश’मध्ये (1925) देव आणि राजे बाजूला ठेवून कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी दाखवला. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. माझ्या मते बाबूरावांचं सर्वांत धाडसाचं काम हेच.

मग कंपनीचं काय झालं?

शांताराम, दामले आणि फत्तेलाल 1929 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. हे बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले लोक. पुढे बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. तिच्या मूकपटांपैकी फारच थोडं आज शिल्लक आहे.

बाबूराव पुन्हा रंग आणि मातीकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात पूर्वी इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. 1942 च्या आंदोलनात दोन स्त्रियांनी तो विद्रूप केला. त्या जागी 1945 मध्ये शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. तो घडवला बाबूरावांनी.

16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं. अर्धपुतळा आजही त्याच चौकात आहे.