नोकरी सोडण्याआधीची दहा वर्षे

पदवीचे शेवटचे वर्ष जवळ आले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? आमच्या घरी बाबांनी बँकेच्या परीक्षेची पुस्तके आणून ठेवली आहेत. माझ्या मनात मात्र लहान दुकानदारांचे हिशेब लिहून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे. ही घालमेल चालू असताना आपल्याच शहरात कीर्ती मिळवलेल्या एका पुरुषाचे चरित्र वाचनात आले. ते म्हणजे छायाचित्रकार राजा दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले. १८६६ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे तयार करण्याची नोकरी त्यांना मिळाली. पगार ठरलेला, मान चांगला. अशी नोकरी कोण सोडील?

१८७४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला. त्या काळी ही कला सोपी नव्हती. काचेला रासायनिक द्रव लावायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचे, असा तो खटाटोप असे. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर व इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांच्या कामाला उत्तेजन दिले. १८७५-७६ साली ब्रिटिश युवराज हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे त्यांनी घेतली. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडात फिरून त्यांनी जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढली. या सर्व काळात नोकरी चालूच होती. मोठे काम हाती आले तेव्हा त्यांनी लांब मुदतीची रजा घेतली. राजीनामा दिला नाही. कामाला खरोखर मागणी आहे अशी खात्री पटल्यावरच, सुमारे दहा वर्षांनी, त्यांनी सरकारी नोकरीचा निरोप घेतला.

त्यानंतर ते हैदराबादला आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८९४ साली राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. पण दीनदयाळ केवळ दरबारावर विसंबून राहिले नाहीत. सिकंदराबादला त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. तेथे छावणीतील गोऱ्या साहेबांचे कामही येई. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. १८९६ साली मुंबईतही शाखा निघाली आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीकडून राजमान्यता मिळाली. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली विकत घेऊन जतन केल्या आहेत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या आयुष्याचा ताळेबंद मांडला, तर दोन नोंदी ठळकपणे दिसतात. पहिली, त्यांनी उडी मारली नाही. नोकरीच्या आधाराने हुन्नर आणि गिऱ्हाईक दोन्ही मिळवले. दुसरी, निजामासारखा आश्रयदाता लाभूनही त्यांनी सर्व भार एकाच खांबावर टाकला नाही. राजेमहाराजांचा आश्रय आपल्या नशिबी नाही, हे खरे. पण रविवार तर आपल्याही हाती आहे!

म्हणून मी बाबांना सांगितले आहे, परीक्षेला मी बसणार. मात्र दर रविवारी ओळखीच्या दोन दुकानांचे हिशेबही लिहिणार, आणि तेही मोबदला घेऊन. दोन वर्षांनी दोनाची दहा दुकाने झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा. बाबा काही बोलले नाहीत. पण पुस्तकांशेजारी एक कोरी खतावणी आणून ठेवली आहे.