कॅमेऱ्याआधीचा मॅक्रो: कर्नल सायक्स आणि पुण्याच्या मुंग्या

पहिला पाऊस पडला की तुमच्या फीडवर काय येतं ते आधीच सांगून टाकते. तळजाई, वेताळ टेकडी, पाषाण. कुणीतरी मोबाइलला क्लिप-ऑन लेन्स लावून ओल्या मातीत पालथं पडलेलं असतं आणि दोन तासांनी एका इवल्याशा कोळ्याचे आठ डोळे तुमच्याकडे रोखून बघत असतात. फोटो झकास असतो. खाली लिहिलेलं असतं मॅक्रो, नेचर, पुणे. बस्स. तो कोळी तिथं काय करत होता, कुठं निघाला होता, हे बऱ्याचदा फोटो काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता अशा एका माणसाबद्दल वाचा, ज्याच्याकडे कॅमेरा असणं शक्यच नव्हतं. फोटोग्राफीचं तंत्र जगासमोर आलं १८३९ मध्ये. हा माणूस पुणं सोडून गेला १८३१ मध्ये. तरीही पुण्यातल्या मुंग्यांचं त्यानं जे टिपून ठेवलंय ते वाचताना डोळ्यांपुढे क्लोज-अप उभा राहतो.

विल्यम हेन्री सायक्स. तुम्ही पक्षी बघत असाल तर हे नाव तुमच्या फील्ड गाइडमध्ये आहेच. सायक्सचा चंडोल, सायक्सचा रातवा, सायक्सचा वटवट्या. मुंग्यांसाठी मात्र त्याला फारसं कुणी ओळखत नाही आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मजेदार काम तेच आहे.

जन्म २५ जानेवारी १७९०. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात तो कॅडेट झाला १८०३ मध्ये. म्हणजे आपण आठवीत असतो त्या वयात. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होता. पुढे १८१० मध्ये हिंदुस्तानी आणि मराठी दुभाष्याची परीक्षा पास झाला. मराठी त्याला येत होती हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आणि हो, नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो होता, पेशव्यांच्या फौजेसमोर, कंपनीच्या देशी शिपायांचा अधिकारी म्हणून. त्यामुळे त्याला अहो-जाहो करायला माझं मन काही तयार होत नाही. एकेरीवर चालवून घ्या.

लढाया संपल्यावर चार वर्षं तो युरोपात फिरला. १८२४ मध्ये परत आला तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या सरकारनं सायक्सला एक वेगळंच काम दिलं, दख्खनची आकडेवारी गोळा करायची. पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड. माणसं किती, जमीन कुणाच्या नावावर, पिकं कोणती, हवामान कसं. नव्यानं हातात आलेल्या मुलखातून महसूल किती निघेल हे कंपनीला हवं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण सायक्स एकदा मोजायला लागला की थांबत नसे. हवेच्या दाबाचे रोजचे चढउतार त्यानं नोंदवले. उकळत्या पाण्यात साधा थर्मामीटर धरून डोंगरांची उंची काढली. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख उतरवून घेतले. पक्षी, मासे, कोल्हे, रानकुत्री, सगळं वहीत. आणि मुंग्या.

मुंग्यांचा पहिला किस्सा त्याच्या घरातलाच आहे. पुण्याच्या बंगल्यात जेवणघराच्या व्हरांड्यात एका छोट्या टेबलावर फळं, केक, मुरंबे मांडून ठेवलेले असत. मुंग्या यायच्याच. मग टेबलाचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या भांड्यांत ठेवले. तुमच्याकडे आजी लाडवांच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवते ना, तोच उपाय. शिवाय टेबल भिंतीपासून इंचभर लांब ओढलं आणि वरून कापड घातलं. थोडे दिवस बरे गेले. मग मुंग्यांनी पाणीच ओलांडलं. भांड्याची कड ते टेबलाचा पाय, इंच-दीड इंचाचं अंतर, त्या खुशाल त्यात उतरल्या आणि पलीकडे चढल्या. सकाळी पाहावं तर शेकडो मुंग्या मुरंब्यात. रोज मारल्या तरी संख्या कमी होईना. मग पाण्याच्या वर, पायांभोवती टर्पेंटाइनचा पट्टा ओढला. आता मात्र जमलं असं वाटलं. काही दिवसांनी मुंग्या परत हजर. पट्टा तसाच, पाणी तसंच, टेबलही भिंतीपासून लांबच.

सायक्सला काही केल्या उलगडा होईना. मग एकदा टेबलाजवळून जाताना त्याला दिसलं, की टेबलाच्या साधारण फूटभर वर भिंतीवरून एक मुंगी सुटली आणि थेट कापडावर पडली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. भिंतीवर बरोबर उंची गाठायची, अंगाला जरासा झोका द्यायचा आणि ती इंचाची फट हवेतून पार करायची. या मुंगीला त्यानं नाव दिलं फॉर्मिका इंडेफेसा. लॅटिनमध्ये इंडेफेसा म्हणजे न थकणारी.

आता जरा फोटोग्राफरच्या डोक्यानं विचार करा. हा प्रसंग तुम्ही मॅक्रो लेन्सनं टिपला असता तर काय आलं असतं? एकास एक मॅग्निफिकेशनला फोकसमध्ये राहतो जेमतेम मिलिमीटरभराचा पट्टा. मुंगीचे जबडे टोकदार, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. आपण त्याला बोके म्हणतो आणि लाइक करतो. पण गोष्ट तर त्या धूसर भागात होती. भिंत, फूटभराची उंची, इंचाची फट, टर्पेंटाइनचा पट्टा. मुंगी कितीही सुंदर दिसली तरी ती फट फ्रेमबाहेर गेली की उरते फक्त एक मुंगी. सायक्सनं मुंगी बघितली आणि भिंतही बघितली. म्हणून जवळजवळ दोनशे वर्षांनी मला तुम्हाला हे सांगता येतंय.

दुसरा प्रसंग घराबाहेरचा, आणि त्याचे पडसाद थेट युरोपात उमटले. १८२९ चा जून. पाऊस नुकताच सुरू झालेला. सायक्स सकाळचा फिरायला निघाला होता. लष्करातल्या परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांच्या छोट्या छोट्या ढिगुळ्या दिसल्या. वीसेक तरी असतील, प्रत्येकीत साधारण मूठभर बी. तो वाकून बघायला लागला. शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून एकेक बी वर आणत होत्या. पावसानं साठा भिजला असावा आणि पहिलं ऊन पडताच तो वाळत घालायचं काम सुरू झालं असावं, असा त्याचा अंदाज. आपल्याकडे घराघरांत धान्याला ऊन देतात, तसंच.

त्याचा क्लोज-अप इथंच सुरू होतो. बिळाचं तोंड उभ्या नळीसारखं, कडा सरळसोट. एका मुंगीच्या वाट्याला एक बी, पण ते बी बऱ्याच जणींना झेपेना. अगदी वरच्या कडेशी पोचलेली मुंगी ओझ्यासकट खाली तळाशी कोसळायची. तरी बी काही तोंडातून सोडायची नाही, पुन्हा चढायला लागायची. हे सगळं त्यानं रोजनिशीत लिहिलं. ऑक्टोबरमध्ये परतीचे वादळी पाऊस होऊन गेल्यावर त्याच भागात त्याला परत तेच दिसलं. एकदाच बघून त्यानं निष्कर्ष काढला नाही, हे मला विशेष वाटतं. या मुंगीचं नाव त्यानं ठेवलं अटा प्रोव्हिडेन्स, म्हणजे पुढचा विचार करणारी. आता ती फिडोले या प्रजातीत धरली जाते.

तुम्ही म्हणाल, मुंग्या दाणे साठवतात यात नवल ते काय? आपल्याकडे हे शेतातल्या पोरालाही ठाऊक असतं. युरोपात मात्र तेव्हा उलटं वारं होतं. इसापची मुंगी धान्य साठवते, बायबलमधल्या सॉलोमनची मुंगीही साठवते, पण तिथल्या कीटकतज्ज्ञांनी थंड प्रदेशातल्या मुंग्यांची वारुळं उकरली तेव्हा धान्य काही सापडलं नाही. त्यामुळे जुन्या लोकांनी मुंग्यांच्या तोंडातले पांढरे कोष बघितले आणि त्यांना दाणे समजले, असं ठरून गेलं. विल्यम किर्बी हा त्या काळचा मोठा कीटकतज्ज्ञ. युरोपातल्या मुंग्यांबद्दल त्याचंही मत हेच, फक्त उष्ण देशांतलं अजून कुणी नीट पाहिलेलं नाही एवढी सोय त्यानं ठेवली होती. सायक्सची टिपणं १८३५ मध्ये लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीकडून आली आणि ती रिकामी जागा पुण्यानं भरली.

गंमत म्हणजे त्याच लेखात सायक्सनं किर्बीच्या नावानं एका मुंगीचं बारसंही केलं. आजचं नाव क्रिमॅटोगॅस्टर किर्बी. सह्याद्रीत ट्रेकला जाता तेव्हा झाडाच्या फांदीवर तपकिरी, खवल्याखवल्यांचा फुटबॉल लटकलेला दिसतो ना, तसलं घर बांधणारी ही पॅगोडा मुंगी. सायक्सनं लिहिलंय की हे घर शेणाच्या पातळ पापुद्र्यांचं असतं. पापुद्रे कौलांसारखे एकावर एक, आणि सगळ्यात वर टोपीसारखा एक अखंड तुकडा, म्हणजे पाणी आत शिरायला नको. ही मुंगी चिडली की पोटाचा बदामाच्या आकाराचा भाग डोक्यावरून पुढे वळवते. फोटोसाठी फारच छान पोझ, पण लेन्स जरा लांबूनच धरा, चावते.

नावांबद्दल अजून थोडं, कारण इथं मला त्याच्याशी भांडायचंय. सायक्सनं कितीतरी प्राण्यांना शास्त्रीय नावं दिली आणि त्यात इथले शब्द बिनधास्त घातले. चंडोलाला देवा, वटवट्याला रामा, रातव्याला महराटेन्सिस. मुळा-मुठेतल्या महसीर माशाला खुद्री, दुसऱ्या एका माशाला कोलस. मराठी येत होती, त्याचा हा फायदा. हे शब्द त्याला नदीत जाळं टाकणाऱ्यांकडूनच मिळाले असणार. पण माणसाचं नाव द्यायची वेळ आली की वंचक बगळ्याला लंडनचा ग्रे, मुंगीला किर्बी, माशाला ओगिल्बी. रोहटी ओगिल्बी या नावात तर अर्धा मराठी मासा आहे आणि अर्धा इंग्रज साहेब. मासा हातात आणून देणाऱ्या भोयाचं नाव त्यात कुठेच नाही.

रानरेशमाच्या किड्यावरही त्यानं लिहिलं. त्याचा कोष इतका चिवट, की इथले लोक तो गोल गोल कापून वादी काढत आणि तिनं बंदुकीची नळी दस्त्याला बांधत. पुस्तकात बसून हे कळत नाही, त्यासाठी बंदूक बांधणाऱ्याजवळ जाऊन उभं राहावं लागतं.

डिसेंबर १८२९ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारनं त्याची जागाच रद्द केली. दुसरा कुणी असता तर वह्या बांधून पलटणीत परत गेला असता. सायक्सनं लष्करी कामातून रजा मागून घेतली आणि वर्षभर तेच काम पुढे रेटलं. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पुरे केले आणि मगच जहाजात बसला. परेड ग्राउंडवर मुंगी पुन्हा पुन्हा चढताना बघून त्याला बरंच काही सुचलं होतं म्हणतात, असं मी लिहिणार होते. पण तसं कुणी म्हणत नाही, मलाच वाटलं.

पुढचं आयुष्य मोठ्या खुर्च्यांचं. १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्ती. १८३४ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत हात, त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो. १८४० मध्ये कंपनीचा डायरेक्टर, १८५६ मध्ये चेअरमन. १८५७ पासून मरेपर्यंत अ‍ॅबर्डीनचा खासदार. हे सगळं एका दमात सांगितलं, कारण यातलं काही मला त्या टेबलाइतकं रंजक वाटत नाही.

मुंग्यांचा वाद मात्र तिकडे संपला नव्हता. पुण्यात असेल, युरोपात नाही, असं म्हणणारे होतेच. मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मेंटनला, प्रकृतीसाठी जाऊन राहिलेल्या जॉन ट्राहर्न मॉग्रिज या तरुणानं तिथल्या मुंग्यांची बिळं उकरली आणि आत बियांची कोठारं सापडली. त्याचं पुस्तक १८७३ मध्ये आलं. त्यात पुण्याच्या परेड ग्राउंडवरच्या त्या बियाही आहेत, सायक्सच्या नावासकट. सायक्स लंडनमध्ये वारला तो आदल्याच वर्षी, १६ जून १८७२ ला. पुण्यात तेव्हा पाऊस सुरू व्हायचे दिवस असतात.