एका मताचे न्यायमूर्ती

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीला सिनेटची संमती लागते. ती अवघ्या एका मताच्या फरकाने मिळालेले न्यायमूर्ती म्हणजे स्टॅन्ली मॅथ्यूज. १२ मे १८८१ रोजी त्यांच्या बाजूने २४ आणि विरोधात २३ मते पडली. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हानॉ यांच्या नियुक्तीच्या वेळी मोठा गदारोळ झाला. पण त्यांनाही दोन मतांचे अधिक्य होते.

मॅथ्यूज यांचा जन्म १८२४ चा. ओहायोतील केनियन महाविद्यालयात त्यांची आणि रदरफोर्ड हेज यांची मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. तरुणपणी त्यांनी सिनसिनाटीत गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचे संपादन केले. पुढे संघराज्याचे सरकारी वकील झाल्यावर मात्र, पळालेल्या गुलामांना साह्य केल्याच्या आरोपावरून एका वार्ताहरावर त्यांनीच खटला चालवला. कायदा राबवणे हे त्या पदाचे कर्तव्य खरे. पण हा डाग त्यांना आयुष्यभर चिकटला. यादवी युद्धात ते हेज यांच्याच तेविसाव्या ओहायो पलटणीत अधिकारी होते.

१८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली, तेव्हा निवाड्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे हेज यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत मॅथ्यूज होते. आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी कौल दिला आणि हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्ष झाले. जानेवारी १८८१ मध्ये, पायउतार होण्यास थोडे दिवस उरले असताना, त्यांनी मित्राचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले. ही मैत्रीची परतफेड अशी टीका झाली. त्याहून गंभीर आक्षेप रेल्वे कंपन्यांच्या वकिलीचा होता. असा माणूस न्यायासनावर बसला तर जे गूल्ड यांच्यासारख्या रेल्वेसम्राटांचे फावेल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. सिनेटच्या न्यायिक समितीने नाव पुढेच सरकू दिले नाही. नवे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांनी मार्चमध्ये तेच नाव पुन्हा पाठवले. समितीचा शेरा प्रतिकूलच होता, तरी सभागृहात एका मताने निभावले.

न्यायमूर्ती म्हणून त्यांना आठच वर्षे मिळाली. त्यांतला एक निकाल त्यांचे नाव टिकवून आहे. लाकडी इमारतीत लाँड्री चालवण्यास सॅन फ्रान्सिस्कोत नगर मंडळाची परवानगी लागे. सुमारे २०० चिनी अर्जदारांना ती नाकारली गेली. चिनी नसलेल्यांना मात्र, एक अपवाद वगळता, सर्रास मिळाली. यिक वो या लाँड्रीचालकाने दंड न भरता तुरुंगवास पत्करला. चिन्यांच्या आगमनावर कायद्यानेच बंदी घालणारा तो काळ. १० मे १८८६ रोजी मॅथ्यूज यांनी एकमताचा निकाल लिहिला : नियम वरवर निष्पक्ष असला, तरी तो एका वंशाविरुद्ध राबवला जात असेल, तर समान संरक्षणाच्या हमीचा भंग होतो, आणि ही हमी परक्या देशाच्या नागरिकांनाही आहे. सर्व वेळी त्यांची दृष्टी अशी उदार नव्हती. १८८४ च्या हर्टाडो खटल्यात त्यांनी आरोपीच्या हक्कांचा अर्थ संकुचित लावला होता.

२२ मार्च १८८९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये अन्वर अली सरकार खटल्यात राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाचा विचार केला, तेव्हा यिक वो निकालाचीही चर्चा झाली होती.