विश्लेषण : बॅट दोन पॅडच्या मध्ये धरणारे विजय हजारे इतका अचूक फटका कसा मारायचे?

जानेवारी २०२५ मध्ये वडोदऱ्यात झालेल्या विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाचा संघ कर्नाटककडून ३६ धावांनी हरला. त्या स्पर्धेत करुण नायरने विदर्भाकडून पाच शतके ठोकली होती, त्यामुळे करंडकाचे नाव गोंदिया-भंडाऱ्यातही घराघरांत पोहोचले. मात्र हा करंडक ज्यांच्या नावाने खेळला जातो, त्या हजारे यांच्याबद्दल आजच्या पिढीला फारशी माहिती नाही.

ती असायला हवी, आणि त्याचे कारण केवळ इतिहास नाही. धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत खेळणारी पोट्टी असोत की गोंदिया, तिरोडा, आमगावच्या मैदानावर सरावाला येणारी मुले, बॅट वेगळ्या पद्धतीने धरणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकावी लागते : असे उभे राहू नकोस. चेंडू नीट लागत नसेल तर दोष उभे राहण्यात आहे, असे गृहीत धरले जाते. हजारे यांची कारकीर्द या समजुतीला धक्का देणारी आहे.

कोण होते विजय हजारे?

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीचा. मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंब, वडील शिक्षक, आठ भावंडे. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि त्याच मोसमात ते महाराष्ट्राकडून खेळले. पुढे मध्य भारत आणि मग दीर्घकाळ बडोदा असा त्यांचा प्रवास झाला. बडोद्याच्या गायकवाडांनी त्यांना आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला होता. संस्थानिकांच्या आश्रयावर क्रिकेट चालण्याचा तो काळ. खेळाडूला पगार मिळायचा तो दरबारी नोकरीचा.

उजव्या हाताचे फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाज अशी त्यांची दुहेरी ओळख होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ५९५ बळी घेतले. हा आकडा अनेक पूर्णवेळ गोलंदाजांच्याही नशिबी नसतो. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा दोनदा त्रिफळा उडवला, एकदा सिडनीत १३ धावांवर आणि एकदा अ‍ॅडलेडला २०१ धावांवर. दुसऱ्या वेळी उशीर झाला होता, हे खरे.

त्यांच्या उभे राहण्यात वेगळे काय होते?

पुस्तकी पद्धतीत फलंदाज बॅटचे टोक मागच्या पायाच्या पंज्याजवळ टेकवतो. हजारे बॅट दोन पॅडच्या मध्ये धरून उभे राहत. पाहणाऱ्याला ते आखडून, अवघडून उभे आहेत असे वाटे. इथून ही बॅट मोकळी कशी होणार आणि चेंडूपर्यंत वेळेत कशी पोहोचणार, हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षकाला पडला असता.

तो पडण्याची संधी ज्यांना मिळाली, ते प्रशिक्षक साधे नव्हते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले क्लॅरी ग्रिमेट हे कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारे जगातले पहिले गोलंदाज. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते प्रशिक्षक म्हणून भारतात आले आणि हजारे त्यांच्या हाताखाली शिकले. आयुष्यभर फलंदाजांच्या चुका शोधून बळी घेतलेल्या या माणसाने हजारे यांची गोलंदाजी तपासली, फलंदाजीही तपासली. पण बॅट पॅडमध्ये धरण्याची सवय त्यांनी मोडायला लावली नाही.

आजच्या भाषेत सांगायचे, तर ग्रिमेट यांनी इनपुट न पाहता आउटपुट पाहिले.

चेंडू बॅटच्या मध्यावर सातत्याने का लागतो?

इथे थोडे भौतिकशास्त्र. ताशी १३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३६ मीटर. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू या वेगाने फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदात पोहोचतो. टप्पा ओळखणे, पाय हलवणे, बॅट खाली आणणे, सगळे त्यातच. बॅटची रुंदी नियमानुसार जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर, चेंडूचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे चूक करायला जागा फारच थोडी.

ही जागा वाढवण्याचा एक मार्ग आहे. बॅट चेंडूच्या रेषेतच खाली आली, तर ती त्या रेषेवर जास्त काळ राहते. क्षणभर आधी किंवा नंतर पोहोचली तरी चेंडू लागतोच, फार तर थोडा वर किंवा खाली जातो. तीच बॅट रेषेला छेद देत आडवी आली, तर दोघांची गाठ एकाच बिंदूवर पडते. वेळ चुकली की कड लागते किंवा त्रिफळा. सरळ बॅटने खेळ, या जुन्या उपदेशामागचे गणित इतकेच आहे. त्यात बॅट सुरुवातीला कुठे टेकवायची, याचा उल्लेख नाही. फटक्याला अर्थ येतो तो बॅट आणि चेंडू भेटतात त्या क्षणी. त्या क्षणी डोके स्थिर आहे का, बॅटचा दर्शनी भाग कुठे वळला आहे, वजन कुठल्या पायावर आहे, हे दर चेंडूला सारखे असले की सातत्य येते.

गोल्फमध्ये हे आणखी स्पष्ट दिसते, कारण तिथे चेंडू विटीसारखा जमिनीवर निवांत पडलेला असतो. चुकले तर दोष द्यायला गोलंदाज नाही. चेंडूला लागताना काठीचे तोंड एका अंशाने जरी वळले आणि चेंडू त्याच दिशेने सरळ गेला, तरी २०० मीटरवर तो साधारण साडेतीन मीटर बाजूला पडतो. तरीही भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी गोल्फपटू पापवा सेवगोलम हे दोन्ही हात पुस्तकाच्या नेमके उलट ठेवून, डावा खाली आणि उजवा वर, खेळले आणि १९५९ पासून तीन वेळा डच ओपन जिंकले. ब्रॅडमन यांची बॅटही मागे सरळ न जाता स्लिपच्या दिशेने जायची. लहानपणी ते गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीच्या विटांच्या पायावर आपटून परत येताना स्टंपने मारायचे. तिथे कोणी पवित्रा दुरुस्त करणारे नव्हते. चेंडू लागला की नाही, एवढाच निकाल.

आकडे काय सांगतात?

१९३९-४० च्या रणजी मोसमात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६. बॅट पॅडच्या मध्येच होती.

त्यानंतरची सर्वात गाजलेली खेळी १९४३ ची. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मानुसार पाडले जात : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा शेष संघ. ख्रिस्ती असल्यामुळे हजारे या शेष संघात. ताकदीने हा संघ बेताचाच. मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा करून स्पर्धेचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो मोडला. फॉलोऑननंतर हजारे पुन्हा मैदानात उतरले आणि त्यांनी ३०९ धावा केल्या. संघाची धावसंख्या होती ३८७. जवळपास ८० टक्के धावा एकट्याच्या. भाऊ विवेक यांच्यासोबत ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेक यांचा वाटा २१. तरीही शेष संघ डाव आणि ६१ धावांनी हरला. धर्मावर आधारलेली ही स्पर्धा नंतर तीन वर्षांत बंद पडली. ती बंद पडणे योग्यच होते, पण तिच्यातली ही खेळी विसरण्यासारखी नाही.

मार्च १९४७ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याची ३ बाद ९१ अशी अवस्था असताना हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. समोरच्या होळकर संघाचे कर्णधार होते मूळचे नागपूरचे सी. के. नायडू. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वात मोठी भागीदारी थेट २००६ पर्यंत टिकली.

अ‍ॅडलेडला नेमके काय घडले?

जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा. रे लिंडवॉल आणि कीथ मिलर ही त्या काळची सर्वात धोकादायक वेगवान जोडी. पहिल्या डावात हजारे ११६. दत्तू फडकर यांच्यासोबत १८८ ची भागीदारी. फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य असतानाच दोन गडी बाद. लिंडवॉल यांनी त्या डावात ३८ धावांत ७ बळी घेतले. संघाच्या २७७ पैकी १४५ धावा हजारे यांच्या.

कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. पवित्र्याची कसोटी लागायची तर ती अशीच लागते : वेग जास्तीत जास्त, वेळ कमीत कमी, समोरून गडी पडत आहेत आणि सामना जवळपास गेलेला आहे. बॅट मोकळी व्हायला उशीर होत असता, तर लिंडवॉल यांना ते पहिल्याच षटकात कळले असते.

कर्णधारपदाने काय बदलले?

फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध ३६१ धावांचा पाठलाग करताना हजारे यांनी १२२ केल्या; भारत ८ बाद ३५५ वर थांबला, वेळ संपली. १९५१-५२ मध्ये कर्णधार म्हणून त्यांनी इंग्लंडविरुद्ध दिल्लीत नाबाद १६४ आणि मुंबईत १५५ केल्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने डाव आणि ८ धावांनी पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. विनू मांकड यांनी १२ बळी घेतले.

कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांची फलंदाजी दबली, असे मर्चंट यांचे मत होते. स्वभाव अबोल, वाद टाळणारा. असा माणूस संघातले राजकारण किती सांभाळणार? १९५२ च्या हेडिंग्ले कसोटीत पहिल्या डावात त्यांनी ८९ धावा करत विजय मांजरेकर यांच्यासोबत २२२ ची भागीदारी केली. दुसऱ्या डावात पदार्पण करणाऱ्या फ्रेड ट्रुमन यांच्या माऱ्यापुढे शून्यावर चार बाद झाले, तेव्हा पुन्हा हजारेच उभे राहिले आणि ५६ करून गेले. वर्षभरातच त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

मग मुलांचा पवित्रा बदलायचाच नाही का?

असेही नाही. काही सवयी खरोखर घातक असतात, उदाहरणार्थ चेंडू येताना डोके बाजूला झुकणे. ग्रिमेट यांच्याकडून घेण्यासारखा आहे तो क्रम : आधी फटका पाहायचा, मग पवित्रा. आज हे तपासायला परदेशी प्रशिक्षक लागत नाही, मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. गोलंदाजाच्या बाजूने, पण चेंडू लागणार नाही अशा ठिकाणी मोबाइल ठेवायचा, दहा चेंडू चित्रित करायचे आणि बॅटला चेंडू लागतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा. दहाही वेळा डोके आणि बॅटचे तोंड सारखेच दिसत असेल, तर मूल बॅट कुठे टेकवते याची चिंता सोडावी. दर वेळी वेगळे दिसत असेल, तर मागे जाऊन कारण शोधावे. तेव्हा कदाचित पवित्र्याचा नंबर लागेल. बांधीतल्या खेळाला मात्र ही तपासणी लावू नये. धसकटांवरून चेंडू कुठे उडेल हे तिथे कोणालाच ठाऊक नसते.

३० कसोटींत ४७.६५ च्या सरासरीने २१९२ धावा आणि ७ शतके, प्रथम श्रेणीत १८,७४० धावा आणि ६० शतके, अशी हजारे यांची नोंद आहे. १९६० मध्ये त्यांना आणि जसू पटेल यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळालेले हे पहिले क्रिकेटपटू. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्यात, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले ते त्यानंतर.